नाचण्याची सरकारी नोकरी

ऑक्टोबर आला की माझं डोकं फिरतं. माझी बायको मेधा म्हणते, "अहो, डोकं तुमचं बाराही महिने फिरलेलंच असतं. ऑक्टोबरात त्याला कारण मिळतं, एवढंच." असेल. इतरांना या महिन्यात काय काय सुंदर दिसतं! द्राक्षमळ्यांवरचं तांबूस ऊन, बाजारातले भोपळ्यांचे ढीग, कोवळी वाइन आणि तिच्यासोबत कांद्याचा गरम केक. मला दिसतात ती पाठीवर मशीन बांधून पानं उडवणारी माणसं. भल्या सकाळी कानठळ्या बसवतात आणि आपल्या दारातली पानं शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकतात. शेजाऱ्याचा माणूस ती पुढे ढकलतो. सगळ्यांच्या कानांवर संरक्षक टोप्या असतात, त्यामुळे माझं ओरडणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पोचलं तरी ते 'या, या', म्हणजे 'हो, हो', म्हणून हसले असते.

तर ऑक्टोबर. हा जर्मनीत नाचणाऱ्यांना घरी पाठवण्याचा महिना आहे. इथे आयुष्याची निम्मी वर्षं काढूनही हे मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नसलेल्या गोष्टींवर एक ग्रंथालय उभं राहील, पण त्यातलं हे पुस्तक जरा महागात पडलं.

आमच्या शहराचं नाव सांगत नाही. मध्यम आकाराचं आहे, एक नदी आहे, एक थिएटर आहे आणि त्या थिएटरची स्वतःची बॅले कंपनी आहे. आमची रेवा त्या कंपनीत लागली तेव्हा माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. नाचण्याचं मला काय कळणार! पायाचं बोट छताकडे गेलं की चांगलं आणि जमिनीवर पडली की वाईट, एवढीच माझी समज. माझा आनंद वेगळाच होता. थिएटर शहराचं, पगार सरकारी तिजोरीतून, कराराच्या कागदावर शहराचं चिन्ह. म्हणजे काय? म्हणजे सरकारी नोकरी! मी त्याच संध्याकाळी पुण्याला मेधाच्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नात पायांच्या टोकांवर उभी राहून पोट कसं भरणार, या चिंतेत गेली कित्येक वर्षं होते.

"जावईबापू, नोकरी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"शहराची, आबा. सरकारीच म्हणायची."

"पर्मनंट?"

"जर्मनीत सरकारी म्हटल्यावर पर्मनंटच असणार की!"

आबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मग नाचू दे." दुसऱ्या दिवशी त्यांच्या कोथरूडच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. नात जर्मन सरकारात लागली, क्लास वन.

रेवा तेव्हा शेजारी सोफ्यावर बसून बुटांना रिबिनी शिवत होती. ती इथेच वाढली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर बहुतेक वेळा जर्मनमध्येच येतं. मराठीत बोलली की समजायचं, बाईसाहेब फार खूश आहेत नाहीतर फार चिडल्या आहेत. त्या दिवशी तिने मान वर केली आणि जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. करार एकेका हंगामाचा असतो, असं काहीतरी. मी म्हटलं, "अगं, ते नावापुरतं असतं." हे मी कशाच्या आधारावर म्हटलं? मला माहीत नाही. कधीच माहीत नसतं.

त्या वर्षांचा वास अजून घरात आहे. राळेचा, बामाचा, घामाचा आणि नव्या बुटांतल्या डिंकाचा. नवे बूट आले की ती ते दाराच्या फटीत धरून वाकवायची, जिन्याच्या पायरीवर आपटायची, टाचेखालचा पुठ्ठा सोलून काढायची. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई मला एकदा जिन्यात थांबवून म्हणाल्या, "तुमच्याकडे मांस कुटतात का?" मी म्हटलं, "नाही हो, सौंदर्य कुटतात." माझं जर्मन बेताचं, बाईंना काही बोध झाला नाही. हाइत्सुंगवर, म्हणजे भिंतीला लावलेल्या हीटरवर, वाळत टाकलेले ते गुलाबी बूट आठवडाभरात मऊ पडायचे आणि मरायचे. मरायचे हा तिचाच शब्द. मग नवे.

नाताळाच्या दिवसांत त्यांचा बर्फाचा नाच असायचा. रेवा पांढऱ्या पोशाखातल्या पंधरावीस मुलींच्या रांगेत असे आणि ती नेमकी कुठली, यावर माझं आणि मेधाचं दरवर्षी भांडण व्हायचं. एका वर्षी मी पूर्ण वेळ दुसऱ्याच मुलीकडे बघून डोळे पुसले. वरून कागदाचा बर्फ पडायचा. रेवाने सांगितलं होतं की प्रयोगानंतर तो झाडून गोळा करतात आणि पुन्हा वापरतात, त्यामुळे हंगाम संपत येईपर्यंत त्यात टाचण्या, खिळे, केसांच्या पिना सगळं येतं. त्या बर्फात त्या हसत नाचायच्या. डोळ्यांत काही गेलं तरी हसत.

मग थिएटरमध्ये साहेब बदलणार असल्याची बातमी आली. जुने बॅले डायरेक्टर निवृत्त होणार, पुढच्या हंगामापासून नवे येणार. नवे मोठ्या नावाचे, देशोदेशी काम केलेले, कायम काळ्या कपड्यांत, थंडीतही पायात मोजे नाहीत. वर्तमानपत्रात त्यांचा अर्धं पान फोटो. 'ताजा वारा', 'नवी भाषा', 'शहराशी संवाद'. मी तो फोटो कापून फ्रिजवर लावला. स्वतःच्या हाताने. लोहचुंबक गणपतीचं होतं.

नवा साहेब आला की आपण काय करतो? सत्कार करतो. हे आपल्या रक्तातच आहे. बदली होऊन आलेला माणूस पेटी उघडायच्या आत त्याच्या खांद्यावर शाल पडलेली असते. मी आमच्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी काळे यांना फोन केला. काळे बाड हॉम्बुर्गला नोकरी करतात आणि दिवाळीच्या कार्यक्रमाला दरवर्षी पाहुणा शोधत फिरतात. ते म्हणाले, "येतील का हो ते?" थिएटरच्या जनसंपर्कवाल्या बाईंनी एका दिवसात होकार कळवला. शहराशी संवाद करायचाच होता त्यांना, आणि आम्ही रंगीत कपड्यांतलं शहर होतो.

चर्चच्या मागचा हॉल. चकल्यांचा वास, पणत्या बॅटरीच्या, कारण खऱ्या लावल्या की धुराची घंटा वाजते. नारळ तमिळ दुकानातून आणलेला, शाल मेधाची, एकदाच वापरलेली. साहेबांनी नारळ दोन्ही हातांत असा धरला होता, जणू त्यांना कोणी दुसऱ्याचं बाळ दिलं आहे. आणि मग मी भाषण केलं. जर्मनमध्ये. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. आमच्या ऑफिसात सतत 'बदल, बदल' चालतं, तेच सगळं माझ्या डोक्यात भरलेलं. मी म्हटलं, "तर मग, डायरेक्टरसाहेब, अजिबात घाबरू नका! जुनं काही ठेवू नका! सगळं नवं करा! हे शहर तयार आहे!"

साहेब हसले. म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात माझ्याच. हॉलच्या शेवटी रेवा जांभळ्या साडीत फराळाच्या ताटांमागे उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. मला वाटलं, हात तुपकट असतील.

घरी जाताना गाडीत ती मागे बसली होती. एकदम मराठीत बोलली. "पापा, त्याने काल आमचा क्लास बघितला. दारात उभा राहून. फोनवर बोलत होता."

"मग? साहेब लोकांना कामं असतात."

"पुढच्या आठवड्यात सगळ्यांना एकेक करून बोलावलंय."

"ओळख करून घ्यायला?"

मेधाने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की गाडी लेन सोडून गेली.

निष्टफेर्लेंगेरुंग. हा शब्द नीट उच्चारायला मला एक अख्खा हिवाळा लागला. अर्थ साधा आहे, मुदत न वाढवणं. नवा डायरेक्टर येणार असला की ऑक्टोबर संपायच्या आत नाचणाऱ्यांना बोलावून सांगायचं, पुढचा हंगाम तुमच्याशिवाय. कोणी कोणाला काढत नाही हं. कामात कसूर नाही, तक्रार नाही, कोणाचा दोष नाही. फक्त वाढवलं नाही. किती सभ्य! नियम असाही आहे की सांगण्यापूर्वी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं. म्हणजे निर्णय आधी होतो आणि ऐकणं नंतर. टेबलावर कॉफी आणि बिस्किटं असतात.

साहेब रेवाला म्हणाले, "तुमच्या शरीरात मला माझी भाषा दिसत नाही."

रेवा म्हणाली, "तुम्ही मला नाचताना पाहिलंच नाही."

त्यांनी हे ऐकून घेतलं. नियम पाळला गेला.

जवळजवळ सगळी कंपनी गेली. आणि मला ज्या गोष्टीने अजून झोप येत नाही ती ही, की बाकी सगळं तिथेच राहिलं. ऑर्केस्ट्रा तोच. तिसऱ्या रांगेतला, डुलक्या काढणारा व्हायोलिनवाला तोच. दिवेवाले, पडदेवाले, तिकीटवाल्या बाई, हिशेबनीस, कँटीनमधलं ते बटाट्याचं सूप, सगळं सगळं तेच. ताजा वारा आला तो फक्त नाचणाऱ्यांच्या अंगावर. ज्यांच्या गुडघ्यांवर ती इमारत उभी आहे, तेच तेवढे तात्पुरते.

आणि कायमस्वरूपी कोण? मी! एका शुक्रवारी घरी जायच्या घाईत मी चुकीच्या सर्व्हरवर चुकीचं बटण दाबलं होतं आणि आमच्या कंपनीच्या तीन देशांतल्या माणसांचा पगार अडकवला होता. माझं काय झालं? बेट्रीब्सराट, म्हणजे आमच्याकडची कामगारांची निवडून दिलेली समिती, ती माझ्यामागे भिंतीसारखी उभी राहिली. समितीच्या बाईंनी मला कॉफी पाजली, ताण आला असेल तर सुट्टी घ्या म्हणाल्या. मी घेतलीही. आज मी कामात जितका मंद आहे तितका आमच्या मजल्यावर प्रिंटरही नाही, आणि मला इथून कोणी हलवू शकत नाही. माझी मुलगी मात्र वयाच्या सहाव्या वर्षापासून रोज लाकडी दांड्याला धरून घाम गाळते, आणि तिला एका मोजे न घालणाऱ्या माणसाची भाषा येत नाही म्हणून रस्ता. कशाच्या जोरावर मी गप्प बसू?

गप्प बसलोही नाही म्हणा. रागाच्या भरात थिएटरला मेल लिहिला. सत्काराची शाल परत करा, अशी मागणी केली. जनसंपर्कवाल्या बाईंचं उत्तर आलं की शाल साहेबांना फार आवडली असून ते ती तालमीत गळ्याभोवती घेतात. रेवाने हे पाहिलं. म्हणजे पुन्हा पुन्हा पाहिलं. कारण करार जुलैपर्यंत होता. ज्यांना नको म्हटलं आहे त्यांनी पुढचे नऊ महिने नाचायचं असतं, हसत, बर्फात, प्रेक्षकांना काही कळू न देता. साहेब मधूनमधून येऊन तयारी पाहायचे, गळ्यात मेधाची शाल.

जुलैतल्या शेवटच्या प्रयोगाला लोक उभे राहिले. खूप वेळ टाळ्या. माझ्या शेजारचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "काय कंपनी आहे आपली!" मी म्हटलं, "होती." ते म्हणाले, "हो ना, पण बदलही हवाच." माझ्या हातात दुमडलेली छत्री होती. मी ती मोठ्या मुश्किलीने दुमडलेलीच ठेवली. कारण त्यांचं वाक्य माझंच होतं.

नंतरची वर्षं रेवाने इकडेतिकडे काढली. एक हंगाम उत्तरेकडच्या एका छोट्या कंपनीत, मग ती कंपनीच बंद झाली. मग पाहुणी म्हणून चार प्रयोग इथे, सहा तिथे. बाकीचे दिवस लहान मुलींना शिकवणं. त्या मुली गुलाबी फ्रॉकात येतात आणि त्यांच्या आया मोबाइलवर शूटिंग करतात. स्वतःचा सराव मात्र तिने एक दिवस चुकवला नाही. स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत सगळ्या अशाच, न वाढवलेल्या आणि अजून वाढवलेल्या, एका दांड्याला उभ्या असतात. तिथेच तिची मिन्जीशी दोस्ती झाली. मिन्जी कोरियाची, रेवापेक्षा लहान. रेवा गेल्यावर तिच्या जागी घेतलेली तीच. लॉकरही तोच मिळाला होता, आतल्या बाजूला रेवाने चिकटवलेली चंद्रकोरीची टिकली अजून होती म्हणे. मी मिन्जीचा राग करायचं ठरवलं होतं. पण ती घरी आली, मेधाच्या हातचं थालीपीठ तिने लोणच्याच्या खारासकट संपवलं, आणि माझा राग करायचा बेत फसला.

साहेबांचे प्रयोग मी पाहिले. का पाहिले? दोष काढायला. पहिल्यात सगळे करड्या ओव्हरकोटात खुर्च्या इकडून तिकडे नेत होते. मी मनात म्हटलं, आमच्या मंडळाच्या कार्यक्रमानंतर हेच होतं, फक्त आम्हाला अनुदान मिळत नाही. दुसऱ्यात दगड होते. तिसऱ्यात मात्र एक जोडनाच होता, मिन्जी आणि एक उंच मुलगा. ती त्याच्या पाठीवर कान ठेवते आणि नुसती ऐकते, आणि मग तो श्वास घेतो तशी ती वर उचलली जाते, हळूहळू, जणू तो श्वासच तिला उचलतो आहे. मी टाळ्या वाजवल्या. घरी येईपर्यंत संतापलो होतो. माणूस वाईट असला की त्याचं कामही वाईट असावं, एवढी साधी सोयसुद्धा देवाने ठेवलेली नाही.

आणि या ऑक्टोबरात, चकल्यांचं पीठ मळत असताना, बातमी आली. साहेब चालले. मोठ्या शहरात, मोठ्या कंपनीत, मोठ्या पगारावर. वर्तमानपत्रात तीन स्तंभ, 'आपल्या शहराची हानी'. त्यांच्या जागी एक बाई येणार, स्वतः पूर्वी नाचलेल्या. मुलाखतीत म्हणतात, कंपनी म्हणजे कुटुंब. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. त्याच आठवड्यात रेवाला थिएटरमधून फोन आला. बाईंनी तिचं जुनं काम रेकॉर्डिंगवर पाहिलं होतं. नोव्हेंबरात निवड-चाचणी आहे, याल का?

मी पीठ लागलेल्या हातांनीच पुण्याला फोन लावायला निघालो. "मेधा! ऐकलंस का? न्याय झाला! तिची जागा तिला परत!"

रेवा ओट्याला टेकून उभी होती. "पापा, थांब." मराठीत. "ती जागा रिकामी का झाली, विचारलंस?"

"का म्हणजे? साहेब गेला ना!"

"साहेब गेला. नवीन बाई येतायत. मिन्जीला काल बोलावलं होतं. कॉफी, बिस्किटं."

तळणाच्या तेलातून धूर निघायला लागला. मेधाने गॅस बंद केला.

"तिला म्हणाले, हवं तर चाचणीला ये, बाहेरच्यांबरोबर. तिचा व्हिसा नोकरीवर आहे."

"मग तू जाऊ नकोस," मी म्हटलं. अगदी सहज म्हटलं. न्याय करायला मला नेहमी दुसऱ्याचे पाय सापडतात.

रेवाने विचारलं, "मी नाही गेले तर तिला ठेवतील?"

"नाही, पण..."

"मला नाचायचंय, पापा. अजून किती वर्षं जमणार आहे? गुडघा आत्ताच बोलतो. मी जाणार आहे."

मेधा एवढंच म्हणाली, "अहो, तिला सोडायला तुम्ही जा. मला नाही जमायचं."

शनिवारी सकाळी मी तिला घेऊन गेलो. थिएटरच्या मागच्या दारापासून रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. कुठून कुठून आलेल्या मुली, जाड जॅकेटांतून निघालेले बारीक पाय, पाठीला पिशव्या, हातात केळी. दारातली बाई प्रत्येकीच्या छातीवर लावायला नंबर देत होती, धावण्याच्या शर्यतीत देतात तसे. ज्या दारातून मिन्जी चार वर्षं रोज आत जात होती, त्याच दाराशी ती नंबर घेऊन उभी होती. तिच्या हातांना थंडी वाजत होती की काय, पिन लागत नव्हती. रेवाने तिच्या हातातून पिन घेतली, तोंडात धरली, नंबर सरळ केला आणि लावून दिला. मग मिन्जीने रेवाचा लावला. दोघी एकमेकींकडे न बघता काहीतरी बोलल्या आणि आत गेल्या.

मी गाडीत बसून राहिलो. बापाने अशा वेळी काय मागायचं असतं? ही निवडून येवो, म्हणजे ती जावो. ती राहो, म्हणजे ही जावो. मला दोन्ही मागता येईना आणि काहीच न मागता बसवेना. ज्यांनी ही संगीत खुर्ची चालवली आहे त्यांच्यापैकी एकही जण त्या रांगेत नव्हता. ते सगळे वर, उबेत. त्यांच्यातल्या कोणाच्याही छातीवर कधी नंबर लागत नाही. साहेब जातो तो मोठ्या शहरात. मुली जातात त्या कुठे, हे विचारायला तीन स्तंभ सोडा, एक ओळ कोणी छापत नाही. मी खिडकी खाली करून शिवी दिली. मराठीत, सविस्तर. पार्किंग तपासणाऱ्या गृहस्थांना ती आपल्यालाच दिली असं वाटलं, आणि नीट समजावून सांगण्याइतकं जर्मन मला रागात येत नाही.

निकाल दोन दिवसांनी आला. रेवाने घरी फोन केला. "पापा, घेतलं मला."

मला अभिनंदन म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "आणि मिन्जी?"

मग ती म्हणाली, "आई आहे का?" आणि मी फोन मेधाकडे दिला.

मेधाने डोळे पुसले, आत गेली आणि मुलीच्या नोकरीचा म्हणून शिरा केला. साजूक तुपातला, बेदाणे घातलेला. आम्ही दोघं समोरासमोर बसून खाल्ला. उत्तम झाला होता. मी दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि मला त्याचाच सगळ्यांत जास्त राग आला.